आठ लाख आणि जमिनीचा मोह
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



थोड्या पैशांत जागेत गुंतवणूक कशी करावी, असा विषय मला दिला आहे. थोडे म्हणजे किती? मी आठ लाख धरतो. निवृत्तीनंतर मुलीचं लग्न उरकून हातात उरावेत तेवढे.

इंदुरात एवढ्या पैशांचा वास दलालाला बरोबर लागतो. उज्जैन रोडला किंवा खंडवा रोडला प्लॉट आहे म्हणतो, पैसे घेतो आणि डायरीत नोंद करतो. रजिस्ट्री नंतर. तोवर ती डायरीच या हातातून त्या हातात विकली जाते आणि भाव चढला की सगळे खूश. पण डायरी म्हणजे मालकी नव्हे. नोटरीचा कागदही नव्हे. शंभर रुपयांच्या वरची जमीन नोंदणीकृत दस्तावाचून आपल्या नावावर होत नाही, मग दलाल कितीही घरचा असो. आपल्या लोकांत तर तो बहुधा घरचाच असतो, आणि म्हणूनच कागद मागायला आपल्याला संकोच वाटतो!

तो संकोच सोडा. कॉलनीची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील, तर रेरा नोंदणीशिवाय तिची जाहिरात किंवा बुकिंगसुद्धा करता येत नाही. २०१६ चा कायदा आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कमही घेता येत नाही. रेरा क्रमांक, डायव्हर्शन, मंजूर नकाशा, तिन्ही पाहा. आणखी एक युक्ती सांगतो. कर्ज घ्यायचं नसलं तरी तो कागद घेऊन बँकेत जा. बँकेच्या वकिलानं नाक मुरडलं, तर आपणही मुरडावं.

फ्लॅटचं म्हणाल, तर गणित मांडा. समजा ३० लाखांचा फ्लॅट आहे. बँक ९० टक्क्यांपर्यंत म्हणजे २७ लाख देऊ शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा, तो खिशातून. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी हप्ता साधारण २३,४०० रुपये बसतो. भाडं समजा ८,००० आलं. उरलेले १५,४०० दर महिन्याला कुठून आणायचे? तरुण मुलाचा पगार असेल तर ठीक. पेन्शनीवर मात्र हा खेळ मांडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी वाट आहे रीटची. मोठी ऑफिसं, मॉल यांच्या मालकीतला छोटा वाटा शेअरसारखा विकत घ्यायचा. आपल्या देशात पहिला रीट २०१९ मध्ये बाजारात आला. २०२१ पासून एक युनिटही घेता येतं, काहीशे रुपयांत. वाटपयोग्य रोख उत्पन्नातला किमान ९० टक्के हिस्सा त्यांना युनिटधारकांना द्यावाच लागतो. भाव खालीही येतो, हे विसरू नका. शिवाय ‘ही माझी जागा’ म्हणून पाहुण्यांना दाखवता येत नाही, आणि आपली खरी अडचण तीच आहे.

भावाभावांनी मिळून प्लॉट घेणार असाल, तर ज्यानं पैसे घातले त्याचं नाव रजिस्ट्रीत हवं, हिश्श्यासकट. ‘आपलंच आहे’ म्हणून एकाच्याच नावावर ठेवलेली जागा पुढच्या पिढीला कोर्टात नेते.

ज्यांनी डायरीवर पैसे दिले आहेत, त्यांनी आज संध्याकाळच्या आरतीनंतर मला मंडपामागे भेटावं. कागदांच्या झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच राहू द्या.