पिंक पँथर आणि आपलं रंगकाम
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि अट घातली आहे की हिशेब आणि सिंकिंग फंड सोडून काहीही बोला. म्हणून मी पिंक पँथरवर बोलणार आहे. हसू नका! जन्मभर बँकेत व्हाउचर तपासलेल्या माणसालाही कार्टून आवडू शकतं.

आमची ओळख जुनी. नोकरीत नवा होतो तेव्हा मुंबईत 'द रिटर्न ऑफ द पिंक पँथर' पाहिला. पीटर सेलर्सचा तो इन्स्पेक्टर क्लूसो असं काही इंग्रजी बोलायचा, की मराठी शाळेतून आलेल्या मला निम्मं कळेना. मित्र हसले की मी हसायचो. पण सुरुवातीच्या नामावलीत तो लांबट गुलाबी प्राणी ऐटीत चालत आला, तेव्हा मात्र मी माझा मी हसलो.

खरं तर पिंक पँथर हे एका हिऱ्याचं नाव. १९६३ च्या पहिल्या सिनेमाची गोष्ट त्या हिऱ्याच्या चोरीभोवती फिरते. नामावलीपुरता फ्रिझ फ्रेलेंग आणि डेव्हिड डीपॅटी यांच्या कंपनीने हा प्राणी घडवला आणि तोच भाव खाऊन गेला. हेन्री मॅन्सिनीची सॅक्सोफोनवरची ती चोरपावलांची धून तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. १९६४ मध्ये त्याचा स्वतंत्र लघुपट निघाला, 'द पिंक फिंक', आणि त्याला ऑस्कर मिळालं.

त्यात एक बुटका, मिशीवाला रंगारी घराला निळा रंग देतोय. पँथरला हवा गुलाबी. रंगाऱ्याने खांब निळा करून पाठ फिरवली की खांब गुलाबी! रंगारी चिडतो, थयथयाट करतो, शेवटी गुलाबी रंगाचे डबेच जमिनीत पुरतो. तर तिथून गुलाबी गवत उगवतं. आणि या सगळ्यात शब्द एकही नाही. (पुढे एक-दोन लघुपटांत पँथरला बोलायला लावलं होतं. मला ते मुळीच आवडलं नाही.)

आता आपल्या इमारतीचं मागचं रंगकाम आठवा. क्रीम की फिकट निळा, यावर रात्री साडेअकरापर्यंत सभा चालली होती. मी खजिनदार. त्या भरात मी एका शेजाऱ्यांना सर्वांसमोर पैशावरून बोललो. काय बोललो ते पुन्हा सांगत नाही, जुन्या सभासदांना ठाऊक आहे. त्यांच्या घरी तेव्हा काय अडचण होती, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

दोन वर्षं आम्ही बोललो नाही. ते लिफ्टमध्ये दिसले की मी जिना चढायचो, गुडघे दुखत असूनही. बायकांच्या भाजीच्या वाट्या मात्र इकडून तिकडे चालूच होत्या.

मग एका मे महिन्यात नातवाला जेवायला बोलवायला त्यांच्या दारात गेलो. आत टीव्हीवर हेच चाललेलं. नातू म्हणाला, "थांबा ना आजोबा, आता तो डबे पुरणारे!" मी उंबऱ्यातच उभा. शेजारी काही न बोलता सोफ्यावर थोडे सरकले. मी बसलो. गवत उगवलं आणि आम्ही दोघं एकदमच हसलो.

तेव्हा मला पँथर का आवडतो ते कळलं. तो बोलत नाही, पण त्याच्या न बोलण्यात रुसवा नसतो. समोरचा कितीही आदळआपट करो, हा शांतपणे आपला ब्रश उचलतो. आमचं दोन वर्षांचं न बोलणं तसलं नव्हतं.

त्या दिवशीही आम्ही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये "काय, उकडतंय" इतकं झालं, आणि तिथून गाडी सुरू झाली. पण त्या सभेतल्या वाक्याबद्दल मी त्यांची माफी कधी मागितली नाही. चारचौघांत बोललो होतो, म्हणून आज चारचौघांतच, माईकवर मागतो.

ते तिसऱ्या रांगेत बसलेत आणि मान हलवून 'पुरे' म्हणतायत. पुरे करतो. फक्त कमिटीला एक सूचना: पुढच्या रंगकामाचं शेडकार्ड आधी त्यांच्याकडे पाठवा. त्यांनी गुलाबी निवडला तरी माझी हरकत नाही.