अळी विषाला कशी पुरून उरते?
(शेतकरी मेळाव्यांतील भाषण)



घण मारून मारून लोहाराच्या तळहाताला घट्टे पडतात. कामाप्रमाणें शरीर बदलतें तें असें. पण त्याच्या घरीं जन्मणारें मूल मऊ हातांचेंच असतें. बापाचे घट्टे त्याला मिळत नाहींत. मग कपाशीवरील गुलाबी बोंडअळी विषाला दाद देत नाहीं, हा गुण तिच्या पिल्लांत कसा उतरतो?

२००२ सालीं आपल्या देशांत बीटी कपाशीला परवानगी मिळाली. या झाडाच्या अंगांतच अळीला मारणारें विष असतें. तें तिच्या आंतड्याला चिकटतें व ती मरते. परंतु लाखों अळ्यांत एखादी जन्मतःच अशी निघते, कीं तिच्या आंतड्याला तें विष नीट चिकटत नाहीं. बाकीच्या मरतात, असल्याच तेवढ्या उरतात. त्यांचे पतंग होतात, आपसांत जोड्या जमतात व पिल्लें आईबापांवर जातात. म्हणजे अळीनें विषाची संवय करून घेतली असें नव्हे. तग धरणाऱ्यांचाच वंश वाढला. २००६ सालीं दोन विषांचें बियाणें आलें. २०१० सालीं गुजरातेंत पहिलें विष निकामी ठरल्याचें जाहीर झालें, आणि २०१७ सालीं विदर्भ-मराठवाड्यांत दोन विषांच्या कपाशीचींहि बोंडें किडलीं.

शेताच्या कडेनें साधी कपाशी लावा असें सांगत, तें याचसाठीं. तिच्यावर विष न सोसणारे पतंग वाढतात. त्यांच्याशीं जोडी जमली तर बहुतेक पिल्लें विषानें मरतात. पण पुष्कळांनीं तें बियाणें पेरलेंच नाहीं.

आतां उपाय ऐका. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. म्हणून कांहीं महिने तिला कपाशी मिळूंच देऊं नये. डिसेंबरअखेर पीक संपवावें, फरदड घेऊं नये, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवूं नये, जूनपूर्वीं पेरा करूं नये. पतंगांवर नजर ठेवण्यास कामगंध सापळे लावावे. फरदडीचे चार पैसे गरिबाला सोडवत नाहींत, हें मी जाणतों. पण त्या चार पैशांपायीं पुढल्या सालचें पीक जातें.

आणि हें एकट्यानें भागत नाहीं. पतंगाला बांध अडवीत नाहीं. एकाच्या शेतांतली अळी साऱ्या शिवारांत पसरते. तेव्हां दैवाला बोल न लावतां गांवानें एकत्र बसावें, कपाशी मोडण्याची तारीख ठरवावी आणि ती सर्वांनीं पाळावी, एवढीच माझी विनंति आहे.