विजेच्या तारेवरून हुकूम



दिव्याला वीज पुरविणारी तार त्याच दिव्याला ‘लाग’ किंवा ‘मालव’ असा हुकूमही पोचवू शकेल काय? स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिले. तिचा हा दहावा प्रकल्प, म्हणून या पद्धतीला ‘एक्स-टेन’ असे नाव पडले. १९७८ पासून अमेरिकेतील दुकानांत तिची विक्री होऊ लागली. नवी तार ओढावयाची नाही, भिंत फोडावयाची नाही, हे तिचे मोठेच आकर्षण होते.

अमेरिकेतील वीज सेकंदाला ६० आवर्तने करते. एक्स-टेनचा संकेत मात्र १२० किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एक लक्ष वीस हजार कंपनांचा असतो. एवढ्या अंतरामुळे दोहोंना वेगळे करणे सोपे जाते. विजेचा दाब प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो. त्या शांत क्षणी एक मिलिसेकंदाचा संकेत सोडला जातो. १६ घर-अक्षरे आणि प्रत्येकी १६ उपकरण-क्रमांक मिळून २५६ पत्ते होतात. वेग बेताचाच आहे. तथापि, दिवा लावण्यास तो पुरेसा आहे.

खरी अडचण निराळीच आहे. तार सामाईक असते. एका रोहित्रावर अनेक घरे असतात आणि संकेताला उंबरठा ठाऊक नसतो. शेजाऱ्याने तेच घर-अक्षर निवडले, तर त्याच्या बटनाने आपला दिवा लागावयाचा! या संकेताला ना कुलूप, ना ओळख पटविण्याची सोय. उलटपक्षी, दूरचित्रवाणी संच व संगणक यांमधील काही घटक हीच कंपने गिळून टाकतात. मग हुकूम आपल्याच घरात पोचत नाही.

वारंवारता फार खाली ठेवावी, तर यंत्रांचा गोंगाट तीव्र. फार वर न्यावी, तर तारच एरियलप्रमाणे वागू लागते आणि रेडिओत खरखर होते. म्हणून युरोपने १९९१ च्या मानकात तारेची रीतसर वाटणी केली. ३ ते ९५ किलोहर्ट्झ वीजपुरवठादारांसाठी. त्यापुढील भाग ग्राहकांसाठी. एक्स-टेनचे १२० किलोहर्ट्झ ९५ ते १२५ या खुल्या पट्ट्यात येतात. १२५ ते १४० मध्ये मात्र शिस्त कडक आहे: तार मोकळी आहे याची आधी खात्री करावयाची आणि सलग एक सेकंदाहून अधिक बोलावयाचे नाही. १४० ते १४८.५ हा पट्टा धोक्याच्या सूचना देणाऱ्या उपकरणांसाठी राखीव आहे. त्यावर दीर्घलहरी रेडिओची हद्द सुरू होते.

महाराष्ट्रातही अतिउच्चदाबाच्या वाहिन्यांवरून उपकेंद्रांचे दूरध्वनी-संभाषण अशाच वाहक लहरींनी चालत आले आहे. तेथे संकेत भरकटू नये म्हणून वाहिनीच्या टोकाशी एक वेटोळे टांगलेले दिसते. ते विजेला वाट देते, संकेताला अडविते. घराच्या मीटरपाशीही अशी गाळणी बसविता येते, म्हणजे घरातला हुकूम घरातच राहतो.