दोन यमुना
(गिरड येथे भरलेल्या वार्षिक संमेलनातील भाषण)



कादंबरी हा काही ज्ञातिसंमेलनाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु मराठीतील पहिली म्हणून जी कादंबरी गणली जाते, तीच मुळी एका तरुण मुलीच्या प्रेमाविषयी, श्रद्धेविषयी आणि निवडीविषयी आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा एकच वर्ष लोटले होते. यमुना शिकलेली आहे. पती विनायक याच्यासह ती प्रवासास निघते आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते. पुढे अपघाताने तेच दुःख तिच्याही वाट्यास येते. ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते.

पदमनजींनी स्वतः १८५४ साली धर्मांतर केले होते, व पुस्तकात उपदेश पुष्कळ आहे. लेखकाने यमुनेला उत्तर आधी दिले आणि प्रश्न मागाहून, असे आम्हांस वाचताना वाटत राहिले. तरीही तिच्या पतीने तिच्याशी बरोबरीच्या नात्याने केलेली बोलणी आम्हांस फार मोलाची वाटतात.

दुसरी यमुना हरिभाऊ आपट्यांची. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. ही यमू आपली हकीकत आपणच सांगते : बाळपण, सासर, पतीने लावलेली वाचनाची गोडी, मुंबईचे थोडके सुखाचे दिवस. नंतर पती जातो आणि घरचीच माणसे बळजबरीने तिचे केशवपन करवितात. या यमूने धर्म सोडला नाही, काही मागितलेही नाही. तरी तिची इच्छा कोणी विचारली नाही. घरात माणसे थोडी नव्हती!

आता घरचे सांगतो. आमच्या कुटुंबातील एका मुलीने आपली पसंती आईजवळ सांगितली. बैठक भरली. मुलाची नोकरी, शेती, मामकूळ, सारे विचारून झाले. मुलगी चहा घेऊन आली, कप मोजून आत गेली. त्या बैठकीत आम्ही होतो आणि गप्प होतो. स्थळ नाकारले गेले, दुसरे ठरले. वर्षाने ती आम्हांस म्हणाली, “काका, मला एकच विचारायचे होते. नवसाला गिरडला येऊ देतील का?” तिच्या जन्माच्या वेळी आईने शेख फरीदबाबांच्या टेकडीवर नवस फेडला होता. हिंदू काय नि मुसलमान काय, या टेकडीवर सगळेच चढतात, हे आपणांस सांगावयास नको. साधूची टवाळी करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, ती गोष्ट सांगून तिथले वाटोळे खडे आपण मुलांना दाखवितो. त्या मुलीनेही एक खडा डब्यात जपून ठेवला आहे.

आपली वधू-वर सूची आम्ही परवा चाळली. उंची, शिक्षण, रास, मामकूळ, अपेक्षित हुंडा नाही अशी टीप. सर्व रकाने आहेत. ‘अपेक्षा’ हा रकाना बहुधा वडिलांच्या हस्ताक्षरात भरलेला असतो. पुढील सूचीपासून तो मुलीने स्वतः भरावा व खाली तिची सही असावी, एवढी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे लेखी ठेवीत आहोत. पहिला अर्ज आमच्या घरचा येईल. धाकटीचे नाव यंदा नोंदवावयाचे आहे.