खाडीच्या दोन तीरांवरची भाऊबंदकी

(ठाणे येथील ग्रंथप्रेमींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



‘यादवी आणि ऐतिहासिक कादंबरी’ या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. यादवी म्हटले की आम्हा पत्रकारांच्या डोळ्यांपुढे दूरदेशीच्या बातम्या उभ्या राहतात. शब्द मात्र आपल्याच घरचा आहे. प्रभासक्षेत्री आपापसांत लढून यादवकुळ संपले, त्यावरून तो आला. त्या शब्दाची एक मूक खूण याच ठाणे शहरात उभी आहे. ज्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, तो किल्ला आपण एका घरच्या भांडणात गमावला.

वसईच्या मोहिमेत, मार्च १७३७ मध्ये, मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. पुढे सदतीस वर्षे तो आपल्याकडे होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांकडून खून झाला आणि त्यांचे चुलते राघोबादादा गादीवर आले. एप्रिल १७७४ मध्ये गंगाबाईंना पुरंदरावर पुत्र झाला. बारभाईंनी त्या तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार चालविला. एका पेशव्याच्या घराची आता दोन घरे झाली होती. पुण्याचे लक्ष आणि फौज दादांच्या पाठलागात गुंतलेली असताना, डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. आतील शिबंदीतील बहुतेकांची कत्तल झाली. ही माणसे कोण होती? त्यांची घरे कोठे होती? कोणत्या गावी त्यांची वाट पाहिली जात होती? आपल्या कादंबऱ्यांनी हे प्रश्न क्वचितच विचारले.

एका खलनायकाची सोय

‘ठाणे राघोबादादांनी विकले’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. कालक्रम पाहा. दादांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली ती मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात. ठाणे त्याआधी दोन महिन्यांहून अधिक काळ इंग्रजांच्या हाती होते. वाटाघाटींत ही ठाणी देण्यास दादा प्रथम राजी नव्हते. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे, अशी वार्ता आली आणि मुंबईकर इंग्रजांनी वाट न पाहता हात मारला. दादांची सही नंतरची. याने त्यांचा दोष पुसला जात नाही. पण घर फुटले की परक्याला आमंत्रणाचीही गरज उरत नाही, हा धडा ‘विकले’ या एका शब्दाखाली झाकला जातो.

आनंदीबाईंच्या ‘ध’चा ‘मा’ केल्याच्या कथेचेही तसेच. तिला समकालीन कागदांचा निर्विवाद आधार नाही. तरी ती मराठी मनात घट्ट बसली आहे. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ साली रंगभूमीवर आले. नाटकाला खलपात्र लागतेच. परंतु समाजालाही ते लागते, कारण एक माणूस दोषी ठरला की उरलेले सगळे निर्दोष सुटतात. सखारामबापू बोकील कधी दादांच्या बाजूचे, कधी बारभाईंतले. प्रत्यक्ष नाना फडणीसांचे चुलतभाऊ मोरोबादादा १७७८ साली दादांना परत आणण्याच्या खटपटीत होते. नानांनी त्यांना कैदेत टाकले. फूट एका वाड्यापुरती नव्हती. ती कारभाऱ्यांच्या घराघरांतून गेली होती.

दोन्ही बाजूंची कारणे

मग कादंबरीकाराने काय करावे? हरिभाऊ आपट्यांनी शतकापूर्वीच वाट दाखविली आहे. ‘उषःकाल’मधला किल्लेदार बाप विजापूरच्या मिठाला जागणारा, तर मुलगा शिवरायांकडे ओढला गेलेला. लेखकाची सहानुभूती कोणाकडे आहे, हे लपत नाही. तरीही बापाची निष्ठा त्यांनी हास्यास्पद केली नाही. म्हणूनच मुलाच्या निर्णयाचे मोल आपल्याला कळते. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तही, १७६२ साली आळेगावी राज्य वाचावे म्हणून स्वतः चुलत्याच्या स्वाधीन होणारा कोवळ्या वयाचा माधवराव आपल्याला हलवून सोडतो. तेच चुलते-पुतणे पुढच्याच वर्षी राक्षसभुवनी निजामाविरुद्ध एकत्र लढले आणि १७६८ साली धोडपला पुन्हा समोरासमोर उभे राहिले. शत्रूविषयी लिहिणे सोपे असते. ज्याच्याबरोबर काल पंगतीला बसलो, त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्याविषयी लिहायचे, तर लेखकाला दोघांच्याही मनात उतरावे लागते.

न लिहिलेली कादंबरी

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या तरुण लेखकांना मला एक विषय सुचवायचा आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली. राघोबादादांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. पुढच्याच वर्षी कोपरगावी त्यांचे निधन झाले. इंग्रजांनी १७८० साली घेतलेले कल्याण पेशव्यांना परत मिळाले. म्हणजे ठाण्यात कंपनीचा अंमल आणि खाडीपलीकडे कळव्यापासून कल्याणपर्यंत पेशव्यांचा! जून १८१७ च्या पुणे कराराने उत्तर कोकण कंपनीकडे जाईपर्यंत, पस्तीस वर्षे, ही खाडी दोन राज्यांची सीमा होती.

आता कल्पना करा. माहेर कल्याणचे, सासर ठाण्याचे. एक भाऊ कंपनीच्या कचेरीत कारकून, दुसरा पेशव्यांच्या सुभ्यात. ज्यांचा बाप १७७४ च्या त्या रात्री तटावर पडला, त्या मुलांपैकी एकाने इंग्रजांची चाकरी धरली, तर श्राद्धाच्या दिवशी दुसरा भाऊ त्याच्या घरी पान वाढून घेईल काय? दोघांपैकी कोणीही खलनायक नाही. ज्याच्या घरात खाणारी तोंडे आहेत, त्याला चाकरी हवीच असते; आणि ज्याच्या मनात बापाचे रक्त ताजे आहे, त्याला ती चाकरी पाहवत नाही. ही पात्रे मी कल्पिलेली आहेत, पण त्यांच्यामधली सीमा खरी होती.

यासाठी साहित्य दूर शोधावयास नको. विनायक लक्ष्मण भाव्यांच्या पुढाकाराने १८९३ साली उभे राहिलेले मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यात आहे. १८६४ पासूनचे सार्वजनिक वाचनालय कल्याणात आहे. ग्रंथ आहेत, गरज आहे ती त्यांच्यापुढे चिकाटीने बसण्याची.

मित्रहो, भाऊबंदकी हा आपण चेष्टेने उच्चारण्याचा शब्द करून टाकला आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून बोलणे तुटलेले दोन भाऊ आपल्या प्रत्येकाच्या नात्यात कोठे ना कोठे आहेत. त्यांच्या भांडणाने राज्य बुडत नाही, एवढाच फरक. आज डोंबिवलीहून ठाण्याला येताना लोकल कळव्याची खाडी ओलांडते आणि आपण वर्तमानपत्रातून मानही वर करीत नाही. उद्या येताना क्षणभर खिडकीबाहेर पाहा. खाली जे पाणी आहे, त्याच्या दोन तीरांवर पस्तीस वर्षे एकाच भाषेची, एकाच गोत्राची माणसे दोन झेंड्यांखाली राहत होती. त्यांची गोष्ट अजून कोणी सांगितलेली नाही. ती तुमच्यापैकी कोणीतरी सांगावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.