यंत्र आले, विद्या आली नाही
(कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



प्रगत देश श्रीमंत कसे झाले? त्यांनी भांडवल साठविले, आपणही साठवावे, म्हणजे दारिद्र्य आपोआप हटेल, असे उत्तर सर्रास दिले जाते. ते अपुरे आहे. रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळाचा हिशेब मांडला. दर श्रमतासामागील उत्पादन दुप्पट झाले होते. पण त्या वाढीतील सुमारे एक-अष्टमांश वाटाच अधिक भांडवलाचा होता. बाकीचे श्रेय तंत्र, कौशल्य आणि कामाच्या संघटनेचे.

हा निकष आपल्याच दाराशी लावून पाहा. १९६९ साली तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. शेजारी बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायने, औषधे, कापड, पोलाद सारे आले. तरीही १९९२-९३ साली त्याच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली. भातकापणी आटोपली की वारली, कातकरी कुटुंबे आजही वीटभट्ट्यांची वाट धरतात, आणि मुलांची शाळा सुटते. भांडवल आले; ते चालविण्याची विद्या येथल्या माणसापर्यंत पोहोचली नाही.

मागून येऊन पुढे गेलेल्या देशांनी काय केले? जपान व दक्षिण कोरिया यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जमीन कसणाऱ्याच्या हाती दिली. प्राथमिक शिक्षण जपानने त्याआधीच, तर कोरियाने त्या सुमारास घरोघरी नेले. आपल्याकडे १९४५ च्या वारली उठावाने वेठबिगारीवर घाव घातला. जमिनीचा आणि शाळेचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला.

३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचा. कारखाने वा बंदरे मुळातच नकोत, असे आपले म्हणणे नाही. परंतु ज्या मच्छीमाराचा समुद्र जाणार, त्याचा विरोध म्हणजे प्रगतीचा द्वेष, हेही आपण मान्य करता कामा नये. त्याच्या उपजीविकेचे नुकसान हिशेबात न धरता काढलेली वाढ ही खोटी वाढ होय.

म्हणून गावोगावी तीन प्रश्न विचारा : येथील किती मुले-मुली तंत्रज्ञ झाली? किती कामगार कायम आणि किती कंत्राटी? खाडीचे पाणी कोणी नासवले आणि भरपाई कोण देणार? कोटींचे आकडे सरकार सांगेलच. ही उत्तरे गोळा करणे हे आपले काम आहे.