सोय कोणास विचारून करावी?



वृद्धांकरिता एखादी सोय करावयाची म्हटली म्हणजे आम्ही धडधाकट माणसे आपसांत विचार करतो, पैका जमवितो व काम उरकून टाकतो. ज्यांच्याकरिता ते काम, त्यांस मात्र विचारावयाचे राहून जाते. हा प्रमाद आमच्या घरीच घडला. मातोश्रींस आधार असावा म्हणून आम्ही मोरीच्या भिंतीत दांडा बसविला. गवंड्याने जागा दाखविली, आम्ही मान डोलाविली. दांडा उजवीकडे आला. मातोश्रींचा उजवा हात तर कित्येक वर्षे वर होत नव्हता! आमचे मन मोडू नये म्हणून त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांस नित्य स्नान घालणाऱ्या आमच्या पत्नीस सारे ठाऊक होते. पण तिलाही कोणी विचारले नव्हते. पुढे दुसरा दांडा डावीकडे बसवावा लागला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वृद्धांस सोयीची शहरे कशी असावीत, याविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीकरिता ३३ शहरांत, त्यांत आपली नवी दिल्ली व उदयपूरही आली, साठी गाठलेल्या सुमारे १,५०० स्त्रीपुरुषांस लहान लहान बैठकींत बोलते करण्यात आले. ज्यांस घराबाहेर पडवत नव्हते त्यांच्या वतीने त्यांची शुश्रूषा करणारे बोलले. सरकारी नोकर, व्यापारी व सेवाभावी संस्थांचे लोक यांस निराळे बसविले. हे निराळे बसविणे आम्हांस फार शहाणपणाचे वाटते. सुनेच्या देखत सासू किंवा साहेबाच्या देखत रयत मनातले कितीसे बोलणार?

रस्ता ओलांडून होण्यापूर्वीच दिवा बदलतो, हे गाऱ्हाणे पुष्कळ शहरांतून आले. गाडी हाकणाऱ्यास ते कोठून सुचावे? वृद्धांचेही सर्वत्र एकमत झाले असे नाही. वाटेत बसावयास बाके असावीत, अशी बहुतेकांची मागणी. परंतु रशियातील तुइमाझी गावी ती काढून टाकण्याची मागणी झाली, कारण तेथे उपद्रवी टोळकी जमत.

या ज्युबिलीनिमित्त चर्चच्या पायऱ्यांस कठडा करावा, असे चालले आहे. आमची विनंती एवढीच की नकाशा काढण्यापूर्वी तिसऱ्या पायरीवर दम घेणाऱ्या आजीबाईंस, त्यांचा हात धरणाऱ्या नातवास, पायऱ्या झाडणाऱ्या बाईस आणि गवंड्यास निरनिराळे गाठावे. जे अंथरुणास खिळले आहेत त्यांच्या घरी जावे. बैठक मात्र सकाळची ठेवावी. दिवेलागणीनंतर पुष्कळांस वाट दिसत नाही.